तात्यांनी नापास केलेला ठिपका

आनंदा चौगुले, म्हणजे आमचे तात्या, कोणतीही वस्तू हातात आली की आधी तिला टिचकी मारायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. कुकर, माठ, फरशी, नळाची तोटी, काहीही. मंगळवार पेठेतल्या भांडीवाल्याला ते लांबून येताना दिसले की तो नोकराला म्हणायचा, "आलं बघ इन्स्पेक्टर. आता निम्मं दुकान खाली उतरवत्यात." माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच घरात झाली. त्यांच्या शेजारचं घर आम्ही नुकतंच घेतलं होतं, सामान अजून पोत्यातच होतं, आणि हा अनोळखी गृहस्थ सरळ आत येऊन माझी गॅसची शेगडी उलटी करून बघत उभा! मी ओरडलेच, "अहो, कोण तुम्ही?" तर मान वर न करता म्हणाले, "शेजारी. बाई, हिचा एक पाय आखूड हाय. बदलून आना." असा राग आला होता मला! शेगडी बदलून आणली ती चार दिवसांनी, त्यांना न सांगता.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत तात्यांनी उभा जन्म इन्स्पेक्शनला काढला. साच्यात ओतलेलं लोखंडी कास्टिंग गार झालं की त्यांच्या टेबलावर यायचं. हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर पास, बद्द आला तर आत चीर आहे, नापास. नापास मालावर पिवळ्या रंगाची फुली. तात्यांनी पास केलेला माल पुढं कुणी तपासत नसे, आणि फुली मारलेला माल सोडवायला खुद्द मालक आला तरी तात्या जागचे हलत नसत. "मानसाचं तोंड बघून माल पास करायचा नसतोय बाई," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं असेल की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. निवृत्तीनंतर फाउंड्री सुटली, पण सवय कुठली सुटायला? पेठेत कुणी मिक्सर घेतला, सायकल घेतली, पंखा घेतला, की पहिला प्रश्न, "तात्यांना दाखवलास काय?" आणि तात्यांनी बघितलं म्हटल्यावर दुसरं कुणी त्या वस्तूकडे ढुंकूनही बघायचं नाही. ही आमच्या पेठेची रीतच होऊन बसली होती.

पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर लांबच लांब खोली होती. तिथं एअर रायफलची रेंज केली होती आणि तिचे सर्वेसर्वा तात्या. संध्याकाळी पोरं यायची, सकाळी आम्हा म्हाताऱ्या हौशी मंडळींची बॅच. मी तिथं कशी पोचले ते सांगते. माझे यजमान गेले, शाळेतली नोकरीही संपली होती, आणि मी घरात नुसती भिंतीकडे बघत बसायचे. तात्यांच्या पत्नीनं, लक्ष्मीवहिनींनी, एके दिवशी माझा हात धरून मला उठवलं. "चल ऊठ. भजनाला येत न्हाईस, तर बंदूक मार. पर कायतर कर गं!" तात्यांनी रायफल माझ्या खांद्याला लावून दिली आणि म्हणाले, "दम निम्मा सोडायचा, बाई. आनि घोडा वढायचा न्हाय. त्याला आपसूक येऊ द्यायचा." यजमान गेल्यापासून मी नीट श्वास घेतला तो त्या दिवशी. त्या माणसानं मला घराबाहेर काढलं, हे मी कुठंही, कुणालाही सांगेन.

आमच्या बॅचची अडचण एकच होती, डोळे. रायफलीला मागं एक साइट, म्हणजे नेम धरायची खाच असते, नळीच्या टोकाला दुसरी, आणि पलीकडे कागदावरचं काळं वर्तुळ. तिन्ही एका ओळीत दिसली तर निशाण लागतं. साठी उलटलेल्या डोळ्याला तिन्हींतलं एकच काय ते नीट दिसतं, बाकी सगळं धुकं. यावर उतारा म्हणून जयसिंगपूरच्या इरफाननं एक रेड डॉट साइट आणली. इरफान म्हणजे तिशीतला पोरगा, खेळाच्या सामानाचं दुकान, मुख्य धंदा स्पर्धांच्या ढाली-करंडकांचा. त्याला एअर रायफलीच्या सामानाचं वेगळं काउंटर काढायचं होतं. ही साइट म्हणजे वीतभरही नसेल अशी नळी. रायफलीवर बसवली की आतल्या काचेत लाल ठिपका दिसतो. तो ठिपका निशाणावर ठेवायचा आणि मारायचं, दुसरं काही जुळवायला नको. स्पर्धेत असलं चालत नाही, पण आम्हाला कुठं पदकं जिंकायची होती? भारीतल्या साइटी आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. ही स्वस्तातली होती. मोठ्या बंदुकीचा दणका तिला सोसला नसता, पण आमच्या रायफलींना धक्का असतो तो कितीसा!

इरफाननं एक नग तात्यांपुढं ठेवला. "तात्या, तुम्ही पास म्हणलासा की कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, सगळे रेंजवाले घेत्यात बघा. पेटी मागवून बसलोय. माझं काउंटर आता तुमच्या हातात हाय."

"माझ्या हातात काय न्हाय," तात्या म्हणाले. "माल आपला आपन बोलंल."

मी तेव्हा आजऱ्याला लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, त्यामुळे तपासणी माझ्या डोळ्यांनी बघितली नाही. पण वहिनींनी फोनवर रोजचं गाऱ्हाणं घातलं. "ती नळी फ्रिजमधी ठेवल्या गं, दुधाच्या पातेल्याला चिकटून! काल दिवसभर पत्र्यावर उन्हात हुती. आता लाकडी हातोडीनं ठोकायलेत." तात्यांनी साइट रायफलीवर बसवली, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि छर्रे मारले. ठिपका सरकवायच्या दोन खुंट्या असतात, त्या फिरवून ठिपका वर नेला, उजवीकडे नेला, खाली आणला, डावीकडे आणला, आणि परत मूळ जागी येतो का ते बघितलं. डोकं जरा हलवलं तर ठिपका निशाणावरून घसरतो का तेही बघितलं. साइट गारठ्यात बंद पडली नाही, उन्हात विझली नाही, ठोकून ढिली झाली नाही. पण छर्रे काही केल्या एका जागी बसेनात.

"ठिपका गोल न्हाय," तात्यांनी बॅचमध्ये जाहीर केलं. "शेपूट हाय त्याला. आता डोक्यावर निशान धरू का शेपटीवर?" कागद समोर टांगलेला होता, छर्रे पसरलेले दिसत होते. तुम्ही म्हणाल, तिथं आणखी माणसं होती, एकानं तरी डोळा लावून बघायचं की नाही? नाही बघितलं. तात्यांनी बघितल्यावर आपण काय बघायचं! इरफाननं दुसरा नग पाठवला. त्यालाही शेपूट. मग मात्र तात्या भडकले. सगळ्या रेंजवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यावर त्यांनी आवाज रेकॉर्ड करून टाकला. तो मी आजऱ्यात, नातवाला मांडीवर घेऊन ऐकला. "पावणं, जयसिंगपूरची साइट घेऊ नगासा. सगळा लॉटच नापास हाय. पोरानं बाद माल आपल्या गळ्यात मारायचा धंदा मांडलाय." माल नापास म्हणाले, ते इन्स्पेक्टर म्हणून म्हणाले. धंद्याबद्दलचं ते शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पण बोलून गेले, आणि लोकांनी नेमकं तेच लक्षात ठेवलं.

मी आजऱ्याहून काजू घेऊन परत आले. सकाळी रेंजवर सगळ्यांना काजू वाटले, नातवाचे फोटो दाखवले. तो दुसरा नग कपाटावर तसाच पडला होता. इरफान न्यायला आला नव्हता आणि तात्यांचा फोनही घेत नव्हता. मी सहज म्हटलं, "बघू तरी, शेपूट असतं कसं ते." तात्यांनी साइट रायफलीवर बसवून दिली. मी डोळा लावला. आत लाल, छान गोल, कपाळावर टिकली लावावी तसा ठिपका.

"तात्या, गोल आहे की हो!"

"नीट बघा."

"नीटच बघते आहे. शेपूट आहे कुठं?"

"खाली, उजव्या अंगाला. हे एवढं लांब! चष्मा पुसा बाई."

चष्मा पुसला. तरी गोल. मी जन्मभर गणित शिकवलेली बाई. एका गणिताची दोन उत्तरं आली की मला गप्प बसवत नाही. मी मोबाइल काढला, कॅमेरा काचेला लावून फोटो काढला आणि तात्यांपुढं धरला. फोटोतही ठिपका गोल. तात्यांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला. "मोबाइल खोटं बोलायलाय. आजकाल सगळंच गुळगुळीत करून दावत्यात." पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. त्यांनी मला बाजूला केलं, स्वतः डोळा लावला आणि रायफल हळूहळू एका कुशीवर आडवी केली. साइटीत दोष असेल तर तिच्याबरोबर शेपूटही फिरायला हवं होतं. तात्या बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"रायफल फिरली, बाई. शेपूट न्हाय फिरलं."

मग त्यांनी उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलं. पुन्हा उजव्यानं. पुन्हा डाव्यानं. तात्या खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. फाउंड्रीत माल मोजायच्या मापाला गेज म्हणतात. तेच गेज चुकीचं असेल तर सगळी मापं चुकतात. "माल बरा हाय," तात्या म्हणाले. "गेजच खराब झालंय. आनि असल्या गेजनं मी पोराला नापास केला." मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, या वयात सगळ्यांनाच होतो, त्यात काय एवढं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "इरफानला फोन लावा तुमच्या फोनवरनं." मी लावला. दोनदा लावला. त्यानं घेतला नाही.

मी आणि वहिनी तात्यांना मिरजेला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू नाही. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागं गाठ आहे, वाईट आहे, डोळा काढावा लागेल. पोटाच्याही तपासण्या करायला सांगितल्या. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या. तात्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "कवापासनं असंल ही?" डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी असावी. तात्यांनी मान हलवली. "म्हंजे साइट बघितली तवा हुतीच." तिथं मात्र मला रडू आवरेना. माणसाला कसली बातमी सांगतायत, आणि हा माणूस त्यात साइट शोधतोय!

ऑपरेशनला पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. घरी आल्या आल्या तात्यांनी जाहीर केलं, आधी माल परत तपासायचा. वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुटला. "डोळा चाललाय, आनि ह्यांना नळी सुचतीया! बाईंनी बघितलंय की. बाई सांगत्यात ग्रुपवर. तुम्ही गप पडा जरा."

"पहिला निकाल माझा हुता," तात्या म्हणाले. "दुसराबी माझाच पायजे. बाईंचं नाव पुढं करून मी मागं लपू व्हय?"

जन्मभर उजव्या खांद्यावरून मारलेल्या माणसानं डाव्या खांद्याला रायफल लावली. हात उलटे, गाल उलटा, श्वाससुद्धा उलटा वाटत असेल. सुरुवातीचे छर्रे कागदाबाहेर, मागच्या फळीत गेले. मान आखडली, खांदा सुजला. वहिनी रात्री त्याला शेक देत आणि तोंडानं शिव्या देत. दुसऱ्या दिवशी तात्या पुन्हा हजर. साइट पुन्हा फ्रिजमध्ये गेली, पुन्हा पत्र्यावर गेली, पुन्हा हातोडी खाल्ली. ठिपका पुन्हा वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. होता होता छर्रे एकमेकांना चिकटून बसायला लागले आणि एके सकाळी कागदाच्या मधोमध एकच मोठं भोक पडलं. तात्यांनी कागद माझ्या हातात दिला. "तुमीबी मारून बघा. माझ्यावर इस्वास ठेवू नगासा." असं वाक्य तात्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी मारले. माझ्यासारखीचेसुद्धा छर्रे जवळ जवळ बसले.

तिथंच बसून त्यांनी ग्रुपवर आवाज टाकला. मला तो अजून पाठ आहे. "पावणं, आनंदा चौगुले बोलायलोय. जयसिंगपूरची साइट मी नापास केलती. साइट चांगली हाय, माझा डोळा खराब हुता. धक्का कमी असल्याल्या रायफलीला एकदम पास. मोठ्या बंदुकीला लावू नगासा. बॅटरीचं झाकन जरा ढिलं हाय, आनि भर उन्हात ठिपका फिका पडतोय, तेबी सांगून ठेवतो. इरफानला मी जे बोललो, ते चुकीचं बोललो. त्याची माफी मागतो." वहिनी म्हणाल्या, "आता झाकणाचं कशाला काढायचं वो?" तात्या म्हणाले, "ढिलं हाय म्हनून." त्या सगळ्या रडारडीत मला हसू फुटलं.

आणि मग जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. पहिला निकाल ज्यांनी डोळे झाकून मानला होता, त्यांतल्या एकानंही दुसरा मानला नाही. तात्या आजारी हायत, म्हणाले. पोराची दया आली असंल. माणूस शेवटाला मऊ पडतोय. एक गृहस्थ तर माझ्या तोंडावर म्हणाले, "बाई, तात्यांचा खरा निकाल पहिलाच." मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, "साइट इथं आहे, तुमचा डोळा तुमच्याजवळ आहे. लावा आणि बघा!" तर म्हणतात, "कशाला? तात्यांनी बघितल्यालं हाय की." डोकं आपटून घ्यावं की काय, असं झालं मला. तात्यांना मी यातलं काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच.

ऑपरेशन झालं. डोळा गेला. जखम पुरती वाळलीही नव्हती तोवर तात्या म्हणाले, "इरफान फोन घेत न्हाय. आपन जाऊ." मी गाडी करू म्हटलं, तर नको. एसटीनं निघालो. खिडकीशी बसले होते, डोळ्यावर पांढरी पट्टी, शर्ट अंगावर लोंबत होता. वाटेत एकदाच बोलले. "पोरानं काउंटर ठेवलं असंल न्हवं अजून?" मी म्हटलं, असेल की.

काउंटर नव्हतं. त्या जागी कॅरम बोर्डांची चवड रचलेली होती. इरफान एका मोठ्या करंडकावर नावाची पट्टी चिकटवत होता आणि कुठल्याशा क्रिकेट स्पर्धेची पोरं करंडक न्यायला थांबली होती. इरफाननं वर बघितलं. तात्यांच्या डोळ्यावरची पट्टी बघून त्याचा हात थांबला, चेहरा बदलला, आणि त्यानं मान पुन्हा खाली घातली. तात्या काउंटरला टेकून उभे राहिले आणि दुकानभर ऐकू जाईल अशा फाउंड्रीतल्या आवाजात बोलले.

"इरफान, तुझा माल चांगला हुता. माझा डोळा खराब हुता. पर तुला जे बोललो, गळ्यात मारायचा धंदा मांडलाय म्हनून, ते मी तोंडानं बोललो. त्याला डोळ्याचं निमित्त न्हाय. चूक माझी हाय. समद्यांच्या म्होरं सांगतोय."

इरफान पट्टी चिकटवत राहिला. पट्टी वाकडी बसली, त्यानं ती काढली, पुन्हा लावली. "बरं," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "ते काउंटर बंद केलं मी." बस्स. बसा म्हणाला नाही, की पाणी देऊ का म्हणाला नाही. एका आजारी माणसाला उभं ठेवलं त्यानं! मी तोंड उघडणार होते, पण तात्यांनी माझा हात दाबला आणि आम्ही बाहेर पडलो.

स्टँडवर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "पोरगं बोललं न्हाय, बाई."

"नाही बोललं तर नाही! तुम्ही तुमचं केलंत ना? झालं तर मग."

"तसं नसतंय," ते म्हणाले. "पिवळी फुली मी जन्मभर मारली. ती पुसायची कशी, ते कवा शिकलोच न्हाय की." मग एसटी आली आणि आम्ही चढलो.

गाठ डोळ्यात थांबली नव्हती, पोटात उतरली होती. डॉक्टरांनी पुढं फारसं काही करायचं नाही म्हणून सांगितलं आणि तात्या घरीच राहिले. मी रोज जाऊन बसायचे. रेंजच्या गप्पा सांगायचे, कुणाचं निशाण सुधारलं, कुणाचं बिघडलं. ते ऐकायचे, आणि बोलणं संपलं की विचारायचे, "जयसिंगपूरचा फोन आलता काय?" मी नाही म्हणायचे. बोळात मोटारसायकलचा आवाज आला की त्यांचा तो एक डोळा दाराकडे जायचा. एकदा तर वहिनींना हाक मारून उठवून बसवायला लावलं, "इरफान असंल, बघा." गॅस सिलिंडरवाला होता. मला राहवेना. मी म्हटलं, "मी फोन करते आणि चांगली झाडते त्याला." तर एवढ्या अशक्तपणातही डोळा वटारला. "नगा. बोलावून आनल्याला मानूस काय कामाचा? त्याला यावं वाटलं तर यील की." असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले.

गणपतीच्या आधी, एका सकाळी वहिनी पेज भरवत असताना तात्या गेले. मी भिंतीपलीकडून वहिनींची हाक ऐकली आणि काय झालं ते मला कळलं. एवढ्या माणसांच्या मयतीला मी गेले आहे, पण त्या दिवशी मी तशीच धावले. चप्पल पायात घालायचंसुद्धा सुचलं नाही.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर ही गर्दी लोटली. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला माणसं उभी राहतात आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. तालमीचे अध्यक्ष उठले, म्हणाले, "तात्यांचा निकाल कधी चुकला नाही." फाउंड्रीतले जुने सोबती उठले, त्यांनीही तेच सांगितलं. मग इचलकरंजीचे रेंजवाले, मग पेठेतले भांडीवाले. प्रत्येकाच्या बोलण्यात तेच, तात्या कधी चुकले नाहीत, तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. मी बायकांत बसले होते आणि दर वेळी मला ते खटकत होतं. तात्या असते तर मध्येच उठून म्हणाले असते, थांबा, हे नापास आहे. मी उठायला म्हणून जमिनीवर हात टेकला.

तेवढ्यात मागच्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं. इरफान होता. हातात हेल्मेट, चेहरा धुळीनं भरलेला. पुढं आला नाही, तिथूनच बोलला.

"माझं नाव इरफान. जयसिंगपूरला दुकान हाय माझं. सगळे म्हणायलेत, तात्या कधी चुकलं न्हाईत. चुकलं हुतं. माझ्या बाबतीत चुकलं हुतं." माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी "ए, बस खाली" म्हणालं. तो बसला नाही. "त्यांच्या एका शब्दानं माझं काउंटर बंद पडलं. दोन महिने मी लोकांना तोंड दाखवलं न्हाई. मग तात्या एसटीनं आलं. एक डोळा काढल्याला मानूस, नीट उभंबी राहता येत नव्हतं. माझ्या गिऱ्हाइकांच्या समोर म्हणालं, चूक माझी हाय. माझ्याएवढ्या पोराला. मला आजवर मोठ्या मानसानं असं कुणी म्हटलं न्हाई. आमच्या घरातबी न्हाई." हेल्मेट त्यानं या हातातून त्या हातात घेतलं. "मला काय बोलावं ते कळंना. वर बघितलं असतं तर रडलो असतो. म्हणून मान खाली घालून पट्टी चिकटवत बसलो. त्यांना बसासुद्धा म्हटलं न्हाई. रोज म्हणत हुतो, उद्या जातो, उद्या जातो."

वहिनी आत्तापर्यंत खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मान वर करून गर्दीत त्याला शोधलं आणि म्हणाल्या, "लई वाट बघितली रं बाळा, ह्यांनी तुझी."